कन्व्हेयरवरच्या बाटल्यांना लगाम: एअर सिलिंडर की इलेक्ट्रिक ॲक्च्युएटर?

बाटल्या, डबे, बरण्या भरणाऱ्या कारखान्यात कन्व्हेयर सतत पळत असतो, पण त्यावरचा माल सतत पळून चालत नाही. पुढचं फिलिंग मशीन मोकळं नसेल तर मागच्या बाटल्या थांबवाव्या लागतात. कुठे एका रांगेच्या दोन रांगा करायच्या असतात, तर कुठे झाकण नीट न बसलेली बाटली बाजूला ढकलायची असते. ही अडवण्याची, सोडण्याची आणि ढकलण्याची हालचाल जो भाग करतो, त्याला ॲक्च्युएटर म्हणतात.

पॅकिंग लाईनवर हे काम पूर्वापार दाबाच्या हवेवर चालणारे एअर सिलिंडर करत आले आहेत. आता त्यांच्या जागी विजेवर चालणारे ॲक्च्युएटर बसू लागले आहेत. गोव्यातलं वेर्णा, इंदूरजवळचं पीथमपूर किंवा हैदराबादचं जीडिमेटला अशा औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या फिटर, इलेक्ट्रिशियन आणि सुपरवायझर मंडळींसाठी हा बदल रोजच्या कामाचा आहे. मात्र सगळीकडे तो फायद्याचा ठरतोच असं नाही.

दोघांत फरक काय?

एअर सिलिंडरला साधारण दोनच जागा ठाऊक असतात: पूर्ण आत आणि पूर्ण बाहेर. सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडला की साधारण ६ बार दाबाची हवा आत शिरते आणि दांडा बाहेर येतो. रचना सोपी, किंमत कमी आणि दुरुस्तीही जवळच्या गाळ्यात होते.

इलेक्ट्रिक ॲक्च्युएटरमध्ये स्टेपर किंवा सर्व्हो मोटर असते. ती स्क्रू किंवा पट्टा फिरवते आणि दांडा सरळ रेषेत सरकतो. सर्व्होला जोडलेला एन्कोडर दांडा नेमका कुठे आहे ते सतत कळवतो. त्यामुळे किती मिलिमीटर जायचं, किती वेगाने जायचं आणि किती जोर लावायचा, हे सगळं प्रोग्रॅममध्ये ठरवता येतं. काचेच्या बाटलीला धक्का न देता हळू टेकायचं आणि मग दाबायचं, असंही करता येतं.

वेळेचं गणित

समजा, एका लाईनवर मिनिटाला २०० बाटल्या जातात आणि कन्व्हेयरचा वेग मिनिटाला २० मीटर आहे. म्हणजे एका बाटलीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १०० मिलिमीटर अंतर. बाटलीचा व्यास ७० मिलिमीटर असेल तर मध्ये फट उरते ३० मिलिमीटरची. ती फट गेटसमोरून जायला ०.०९ सेकंद लागतात. स्टॉप गेटची पट्टी तेवढ्या वेळात आत शिरली पाहिजे. नाहीतर ती बाटलीवर आपटते आणि बाटली आडवी होते.

एअर सिलिंडर एवढा वेग गाठू शकतो. अडचण येते ती सातत्याची. हवेचा दाब कमी-जास्त झाला, सील झिजलं किंवा व्हॉल्व्हमध्ये पाणी साचलं की वेळ पुढे-मागे होते. सकाळी बरोबर चालणारं गेट दुपारी बाटल्या पाडतं, ते यामुळेच. सर्व्होची हालचाल दर वेळी जवळपास सारखी राहते.

हवेचं बिल

हवा फुकट असली तरी दाबाची हवा महाग असते. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेतला मोठा भाग उष्णतेत जातो. प्रत्यक्ष कामाला साधारण १० ते १५ टक्केच येतो. त्यात गळती वेगळी. ७ बार दाबावर ३ मिलिमीटरचं एक भोक कॉम्प्रेसरची साडेतीन किलोवॅटच्या आसपास वीज खातं. कारखाना वर्षाला ३०० दिवस, २४ तास चालला तर हे सुमारे २५ हजार युनिट झाले. युनिटला ८ रुपये धरले, तरी वर्षाला २ लाख रुपये हवेत गेले.

म्हणून ॲक्च्युएटर बदलण्याआधी गळती बंद करणं हे पहिलं काम. लाईन बंद असताना शांततेत फिरलं तर मोठ्या गळतीची फुसफुस कानाने कळते. बारीक गळती शोधायला साबणाचं पाणी पुरतं.

खरा फायदा चेंजओव्हरला

एकाच लाईनवर २०० मिली, ५०० मिली आणि १ लिटर अशा बाटल्या आळीपाळीने चालत असतील, तर दर वेळी दोन्ही बाजूंच्या गाईड रेल सरकवाव्या लागतात. हाताने नॉब फिरवून हे काम करताना एक जागा जरी चुकली, तरी लाईन अडते. रेल घट्ट बसली तर बाटल्या रुततात. सैल राहिली तर दोन बाटल्या तिरक्या होऊन एकमेकींत अडकतात. इलेक्ट्रिक ॲक्च्युएटर असतील तर स्क्रीनवर बाटलीचा साईज निवडला की सगळ्या रेल आपापल्या जागी जातात. दिवसात अनेकदा साईज बदलणाऱ्या कारखान्याचा बदलाचा खर्च बहुधा इथेच वसूल होतो.

कुठे एअरच बरी?

गेटला फक्त उघड-बंद करायचं असेल, वेग कमी असेल आणि साईज कधी बदलत नसेल, तर एअर सिलिंडर काढण्यात अर्थ नाही. इलेक्ट्रिकची सुरुवातीची किंमत कितीतरी पट जास्त असते. मद्यार्क किंवा सॅनिटायझर भरताना पेट घेणारी वाफ तयार होते. तिथे साधी मोटर चालत नाही, फ्लेमप्रूफ लागते आणि खर्च आणखी वाढतो. जिथे रोज पाण्याचा फवारा मारून धुतात, तिथे किमान आयपी ६५ आणि जोराचा गरम फवारा असेल तर आयपी ६९के दर्जा बघावा.

भारही मोजावा. गेटमागे १ किलोच्या ५० बाटल्या उभ्या असतील आणि साखळीचं घर्षण ०.२ धरलं, तर गेटवर सुमारे १० किलोचा रेटा येतो. हा रेटा दांड्यावर आडवा येऊ देऊ नये. त्यासाठी वेगळं गाईड द्यावं, नाहीतर स्क्रू आणि बेअरिंग लवकर जातात.

हात घालण्याआधी

आडवी पडलेली बाटली उचलायला चालू लाईनमध्ये हात घालणं ही जुनी सवय आहे, आणि बोटं जातात ती तिथेच. एअर बंद केली तरी सिलिंडरमध्ये हवा कोंडून राहते आणि दांडा अचानक सुटू शकतो. इलेक्ट्रिक ॲक्च्युएटर स्थिर, शांत दिसतो, पण सेन्सरचा सिग्नल आला की क्षणात हलतो. उभ्या बसवलेल्या बॉल स्क्रूला ब्रेक नसेल तर वीज गेल्यावर भार खाली येतो.

म्हणून क्रम ठरलेला असावा: लाईन थांबवायची, मेन स्विच बंद करून कुलूप लावायचं, हवा असेल तर दाब सोडून गेज शून्यावर आलेला बघायचा, उभा भार असेल तर त्याला टेकू द्यायचा आणि मगच हात घालायचा. नवं यंत्र बसवताना कंत्राटदाराने हा क्रम कामगारांना समजेल त्या भाषेत लिहून यंत्राजवळ लावून दिला आहे का, हेही तपासून घ्यावं.