पोलादी पेटीचा जीवनप्रवास : भाड्याच्या कचरा-कंटेनरचा इतिहास आणि श्रमाचा प्रश्न

प्रस्तावना

मंदिरे, किल्ले, नाणी, ताम्रपट यांच्या आधारे आपण समाजाचा इतिहास लिहितो. मात्र समाजाने जे टाकून दिले ते वाहून नेणाऱ्या साधनांची नोंद इतिहासलेखनात क्वचितच आढळते. अमेरिकेत घर पाडावयाचे असो, छप्पर बदलावयाचे असो किंवा अडगळ काढावयाची असो, दारात एक मोठी पोलादी पेटी काही दिवसांसाठी भाड्याने आणून ठेवली जाते. तिला तेथे ‘डम्पस्टर’ म्हणतात. प्रस्तुत निबंधात या पेटीच्या उगमापासून भट्टीत वितळण्यापर्यंतच्या प्रवासाचा मागोवा घेतला असून, तिच्यामुळे कचरा उचलणाऱ्या माणसाच्या स्थितीत काय बदल झाला, या प्रश्नाचा विचार केला आहे.

नाव आणि उगम

पॅरिस शहराचा समावेश असलेल्या सेन विभागाचे प्रशासक युजेन पुबेल यांनी 1883-84 मध्ये आदेश काढून घरमालकांना रहिवाशांसाठी झाकणाच्या पेट्या ठेवणे बंधनकारक केले. कुजणारा कचरा, कागद व चिंध्या, तसेच फुटकी भांडी व शिंपले अशी तीन भागांची वर्गवारीही त्यात अपेक्षित होती. रस्त्यावरील कचऱ्यातून चिंध्या वेचून पोट भरणाऱ्यांनी या आदेशास विरोध केला. पुढे प्रशासकाचे आडनावच फ्रेंच भाषेत कचरापेटीचे सामान्यनाम झाले.

असेच भाग्य अमेरिकेतील टेनेसी राज्यात नॉक्सव्हिल येथे जन्मलेल्या जॉर्ज रोबी डेम्पस्टर (1887-1964) यांच्या वाट्यास आले. तरुणपणी त्यांनी पनामा कालव्याच्या खोदकामात वाफेवरील फावडेयंत्र चालविले होते. पुढे ते भावांसमवेत बांधकामाची कंत्राटे घेऊ लागले. माल भरला जाईपर्यंत ट्रक आणि चालक रिकामे थांबत, ही या धंद्यातील मोठी अडचण होती. 1930 च्या दशकाच्या मध्यास डेम्पस्टर बंधूंनी तिच्यावर उपाय शोधला. पेटी ट्रकपासून वेगळी करावयाची, ती कामाच्या जागी ठेवून सावकाश भरावयाची आणि भरल्यावर ट्रकने यांत्रिक बाहूंनी उचलून न्यावयाची. एकच ट्रक अनेक पेट्यांना पुरू लागला. आडनाव आणि ‘डम्प’ हे क्रियापद यांच्या संयोगातून ‘डेम्पस्टर-डम्पस्टर’ हे व्यापारी नाव तयार झाले आणि कालांतराने ‘डम्पस्टर’ हे सामान्यनाम बनले. नॉक्सव्हिल शहराने ही पद्धत कचऱ्यासाठी वापरली. डेम्पस्टर 1952 ते 1955 या काळात त्या शहराचे महापौरही होते.

पेटीची घडण आणि भाड्याचे आयुष्य

आज भाड्याने मिळणारी मोठी पेटी ही या कल्पनेचीच पुढील पायरी होय. साधारणपणे 10, 20, 30 व 40 घनयार्ड या मापांत ती बनते. 20 घनयार्डांची, म्हणजे सुमारे 15 घनमीटर क्षमतेची पेटी जवळपास 22 फूट लांब असते. तळाचा पत्रा जाड, तर बाजूंचा त्याहून पातळ असतो. पत्रे कापून, वाकवून व वेल्डिंग करून सांगाडा उभा राहतो. मागे बिजागरीचे दार, खाली रूळ व चाके आणि पुढे ओढून घेण्यासाठी आकडा बसवून शेवटी रंग दिला जातो. ट्रकवरील चौकट तिरकी करून पोलादी दोराने पेटी वर ओढली किंवा खाली सोडली जाते.

येथून तिचे फिरस्ते आयुष्य सुरू होते. ग्राहक जागा व मुदत यांचे भाडे देतो. ठरलेल्या वजनापलीकडे गेल्यास जादा आकार पडतो, कारण क्षेपणभूमीवर शुल्क वजनावर घेतले जाते. पेटी भरली की ती नजरेआड होते आणि तिच्यातील वस्तूंशी ग्राहकाचा संबंध संपतो. भाड्याच्या व्यवहारात जबाबदारीचेही असे हस्तांतर होते, याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे.

लहान आकाराच्या सार्वजनिक पेट्यांचा धोकाही दुर्लक्षून चालणार नाही. उताराच्या बाजू असलेल्या अस्थिर पेट्या उलटून लहान मुलांचे मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने अशा पेट्यांवर बंदी घातली. ती जून 1978 पासून अमलात आली.

ओझे कोणाचे?

यंत्राने पेटी उचलली म्हणजे माणसाचे ओझे उतरले, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. डेम्पस्टर यांच्याच टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात 1968 साली सफाई कामगार गळक्या टोपल्यांतून घरोघरचा कचरा वाहत होते. 1 फेब्रुवारी 1968 रोजी पावसापासून आडोसा घेण्यासाठी ट्रकच्या मागील भागात शिरलेले एकोल कोल व रॉबर्ट वॉकर हे दोन कृष्णवर्णीय कामगार बिघडलेल्या दाबयंत्रात चिरडून मरण पावले. त्यानंतर सुमारे 1,300 कामगारांनी संप पुकारला. ‘मी माणूस आहे’ ही त्यांच्या फलकांवरील घोषणा होती. या संपाच्या पाठिंब्यासाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची 4 एप्रिल रोजी त्याच शहरात हत्या झाली. त्याच महिन्यात संघटनेला मान्यता व वेतनवाढ देऊन संप मिटला.

आदेश काढणाऱ्या प्रशासकाचे आणि यंत्र बनविणाऱ्या कंत्राटदाराचे नाव भाषेत रुजले. कचरा उचलणाऱ्या दोघांची नावे मात्र त्यांच्या मृत्यूमुळेच इतिहासात नोंदली गेली.

अखेर आणि पुनर्जन्म

आघात, ओलावा व रसायने यांमुळे पेटीचा तळ प्रथम गंजतो. ठिगळे लावून, प्रसंगी संपूर्ण तळ बदलून तिचे आयुष्य वाढविले जाते. दुरुस्ती परवडेनाशी झाली की ती भंगारात जाते. तेथे तिचे तुकडे होतात आणि विद्युत भट्टीत वितळून नवे पोलाद तयार होते.

पेटीतील मालाचे भवितव्य इतके सरळ नसते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या आकडेवारीनुसार 2018 मध्ये त्या देशात सुमारे 60 कोटी टन बांधकाम व पाडकामाचा राडारोडा निर्माण झाला. त्यापैकी सुमारे 45.5 कोटी टन पुनर्वापराकडे वळविला गेला आणि सुमारे 14.5 कोटी टन क्षेपणभूमीत गेला. पुनर्वापरात मोठा वाटा काँक्रीटचा होता. लाकूड, जिप्समच्या पाट्या, गाद्या व प्लास्टिक एकाच पेटीत मिसळल्यास ते वेगळे करणे कठीण होते. पुबेल यांनी वर्गवारीचा आग्रह का धरला असावा, हे येथे ध्यानात येते.

महाराष्ट्राचा संदर्भ

आपल्या नगरपालिकांनी वापरलेली ‘डंपर प्लेसर’ वाहने दोन बाहूंनी व साखळ्यांनी कंटेनर उचलतात. तत्त्व डेम्पस्टर यांचेच आहे. परंतु अशा कंटेनरभोवती हातांनी कचरा वेचणारी माणसे, विशेषतः दलित समाजातील स्त्रिया, दीर्घकाळ राबत आल्या आहेत. पुण्यात 1993 साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने त्यांच्या कामाला श्रम म्हणून मान्यता मिळावी यासाठी संघटित प्रयत्न केले. 2000 सालच्या नागरी घनकचरा नियमांनी कचऱ्याची हाताने हाताळणी निषिद्ध मानली. मात्र ती अपरिहार्य असल्यास दक्षता घेऊन करण्याची मुभाही ठेवली. यंत्र आले तरी हात का सुटत नाहीत, याचे उत्तर बहुधा या मुभेतच दडलेले आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, कचरापेटीच्या इतिहासात यंत्राची प्रगती आणि श्रमाची प्रतिष्ठा यांची गती समान राहिलेली नाही. पोलादाला भंगारातही मोल असते, म्हणून ते जपून परत आणले जाते. ते वाहणाऱ्या माणसाचे मोल मात्र प्रत्येक ठिकाणी संघर्ष करूनच मान्य करून घ्यावे लागले. घनकचऱ्याचा अभ्यास तंत्रज्ञान व पर्यावरण या विषयांपुरता मर्यादित न ठेवता सामाजिक इतिहासाच्या अभ्यासक्रमातही त्याला स्थान मिळावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.