झाकीर हुसैन यांची कामाची शाळा

दहावी-बारावीचा निकाल लागला की मोहल्ल्यामोहल्ल्यात गुणवंतांचे सत्कार होतात. त्यातच करिअर मार्गदर्शन उरकले जाते. वक्ते तासाभरात डॉक्टर, इंजिनिअर, यूपीएससी सांगून निघून जातात आणि मुलगा ट्रॉफी घेऊन घरी येतो. आपल्याला नेमके काय करायचे आहे, हे त्याला आदल्या दिवशी जितके ठाऊक होते तितकेच असते. या प्रश्नावर ज्यांनी उमेदीची बावीस वर्षे घालवली त्या डॉ. झाकीर हुसैन यांना आपण राष्ट्रपती म्हणून लक्षात ठेवले. शिक्षक म्हणून ते आपल्या चर्चेत फारसे नसतात.

त्यांची स्वतःची वाटही सरळ नव्हती. 1897 साली हैदराबादेत जन्म, वडील लहानपणीच गेले, मग आईही प्लेगमध्ये गेली. डॉक्टर व्हायचे म्हणून ते लखनौच्या ख्रिश्चन कॉलेजात विज्ञानाला गेले, पण आजारपणाने ते शिक्षण सुटले. पुढे अलीगढला अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, इंग्रजी असा वेगळाच रस्ता धरला. ऑक्टोबर 1920 मध्ये असहकाराची हाक आली तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. सरकारी मदतीवर चालणारे कॉलेज त्यांनी सोडले आणि 29 ऑक्टोबरला अलीगढमध्येच जामिया मिल्लिया इस्लामिया सुरू झाली, तिच्यात गेले. त्या काळात हा घरच्यांना कपाळावर हात मारायला लावणारा निर्णय असणार!

पुढे बर्लिनला जाऊन त्यांनी अर्थशास्त्रात डॉक्टरेट केली. तिथल्या काविआनी छापखान्यात गालिबचा दिवान छापून घेतला, तोही खिळे जुळवायला स्वतः शिकून. जर्मन शिक्षणतज्ज्ञ केर्शेनस्टायनर यांच्या ‘कामाच्या शाळे’ची कल्पना त्यांनी तिथेच आत्मसात केली. मूल हाताने काही घडवते तेव्हा त्याचे मन आणि चारित्र्यही घडते, असा तिचा गाभा होता. दरम्यान खिलाफत चळवळ संपली, पैसा आटला, जामिया बंद करायची भाषा सुरू झाली. आम्ही येतोय, तोवर बंद करू नका, असा निरोप झाकीरसाहेबांनी पाठवला. 1926 मध्ये ते आबिद हुसैन आणि मोहम्मद मुजीब यांच्यासह परतले. नंतर सहकाऱ्यांनी मिळून वीस वर्षे जामियातच राहण्याची आणि महिना दीडशे रुपयांहून अधिक पगार न घेण्याची शपथ घेतली.

जामियाच्या प्राथमिक शाळेत मुलांची बँक होती, मुलांनीच चालवलेले दुकान होते. हिशेब चुकला तर भरपाईचा विचार मुलांनाच करावा लागे. 1 मार्च 1935 रोजी ओखल्याच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली, तो दगड कुणा नवाबाने किंवा पुढाऱ्याने नव्हे, सर्वांत लहान विद्यार्थ्याने, अब्दुल अझीझने बसवला.

आता वर्धा. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींनी तिथे शिक्षण परिषद बोलावली. मुलांनी हस्तव्यवसायातून शिकावे आणि त्या कमाईतून शाळेचा खर्च निघावा, अशी त्यांची मांडणी होती. झाकीरसाहेबांना यातले पहिले पटले होते, दुसऱ्याची धास्ती वाटत होती, आणि ते त्यांनी भर परिषदेत बोलून दाखवले. गांधीजींनी समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच दिले. समितीने आखलेल्या साडेपाच तासांच्या दिवसात 3 तास 20 मिनिटे हस्तव्यवसायाला होती. मातृभाषेला 40 मिनिटे होती. संगीत, चित्रकला आणि गणित मिळूनही 40 मिनिटेच. पैशाच्या बाजूवर भर पडला तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्यात रमतील आणि शिक्षण बाजूला पडेल, हा धोकाही अहवालात नोंदवला आहे.

मुस्लिम लीगने या योजनेला कडाडून विरोध केला. तो राजकारणाचा भाग होता. पण योजना मुळात एका मुसलमान शिक्षकाच्या हातची आहे, हे त्या गदारोळात हरवले.

झाकीरसाहेबांच्या मते प्रत्येक काम शिकवत नाही. आधी ते का करायचे हे मुलाला कळले पाहिजे, मग त्याने आराखडा करावा, काम तडीस न्यावे आणि शेवटी आपणच ते तपासावे. मला हे आजच्या कुठल्याही कल चाचणीपेक्षा मोलाचे वाटते. आपल्या वस्तीतली कितीतरी मुले सुट्टीत गॅरेजमध्ये, शिलाईच्या कारखान्यात बसतात. हात चालतात, पण ‘का’ कुणी विचारू देत नाही. शाळेत ‘का’ विचारता येतो, तर हाताला काम नसते.

स्वातंत्र्यानंतर बुनियादी शाळा बऱ्याच ठिकाणी निघाल्या. कित्येक ठिकाणी टकळी तेवढी फिरत राहिली, बाकीचे गळाले. पुढे आपल्या वेळापत्रकात ‘कार्यानुभव’ नावाचा तास आला. त्या तासाला बहुतेक वेळा गणिताचा राहिलेला धडा पूर्ण व्हायचा.