पहिल्या दिवशी होडी उलटवतात

आमचं घर खडवलीचं. भातसा नदी घरापासून चालत दहा मिनिटांवर. तरीही आम्हा दोघी बहिणींना लहानपणी गुडघ्याच्या वर नदीचं पाणी कधी लागलं नाही, कारण आप्पांनी लागू दिलं नाही. सुट्टीच्या दिवशी कल्याण-डोंबिवलीहून, मुंबईहून लोकल भरून माणसं नदीवर यायची आणि पावसाळ्यात त्यांतलं कुणीतरी परत जायचं नाही. गावातल्या पुरुषांबरोबर आप्पाही शोधायला जात. परत आले की काही न बोलता अंघोळ करून झोपत. दुसऱ्या दिवशी आम्हाला पुन्हा तेच ऐकवत, "नदीकडे फिरकायचं नाही."

हेच आप्पा गेल्या डिसेंबरपासून मोबाइलमधला एक फोटो घेऊन गावभर फिरतायत. दूधवाला, सलूनवाला, स्टेशनबाहेरचे रिक्षावाले, कुणालाही सोडलेलं नाही. फोटोत माझी भाची आहे. वय चौदा. एका छोट्या होडीत एकटी बसलीय, वर पांढरं शीड, मागे कुलाब्याचा किनारा. "अठ्ठावीस होड्यांत अकरावी आली," आप्पा सांगतात, आणि अकरावी म्हणजे पहिलीच असल्यासारखं सांगतात.

ताईचे यजमान नौदलात आहेत, म्हणून पोरीला शीडहोडीच्या वर्गात जायला मिळालं. आनंद मलाही झाला. पण एकदा जेवताना मी विचारलंच, "आप्पा, आम्हाला नदी बंद होती आणि हिला समुद्र मोकळा?" आप्पांनी ताटात पाहिलं आणि भाकरी मोडली. उत्तर मिळालं नाही. ते मी इतिहासात शोधायला लागले.

खडवलीहून वाहत जाणारी भातसा पुढे काळू नदीला मिळते, काळू उल्हासला, आणि उल्हासचं पाणी कल्याणवरून, ठाण्याच्या उत्तरेकडून वसईच्या खाडीत जातं. म्हणजे आमच्या गावाच्या पाण्याला समुद्राचा रस्ता पाठ आहे. याच रस्त्यावरचं कल्याण दोन हजार वर्षांपूर्वी मोठं बंदर होतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव येतं. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणची माणसं आहेत.

१६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि पाठोपाठ इथल्या खाडीत लढाऊ जहाजं बांधायला काढली. त्या कामावर रुय लैतांव व्हिएगश नावाचा पोर्तुगीज कारागीर होता. ही जहाजं उद्या आपल्यावरच येतील हे वसईच्या पोर्तुगीजांनी ओळखलं आणि १६५९ मध्ये त्याला फितवून परत नेलं. पण काम थांबलं नाही. शिकवणारे निघून गेले, तरी इथल्या हातांनी मराठ्यांचं आरमार उभं राहिलं. शीड, सुकाणू, भरती-ओहोटी हे तेव्हा या भागातल्या कित्येक घरांचं रोजच्या पोटापाण्याचं ज्ञान होतं.

मग रूळ आले. १८५३ मध्ये रेल्वे ठाण्यापर्यंत धावली, पुढच्या वर्षी कल्याणपर्यंत, त्याच्या पुढच्या वर्षी वाशिंदपर्यंत, म्हणजे आमच्या दारावरून. मालाला शिडाची गरज उरली नाही आणि खाडी गाळानं भरत गेली. पुढे भातसा धरण झालं. आज मुंबई जे पाणी पिते त्यातला सर्वांत मोठा वाटा भातसाचा आहे. नदी शहराची तहान भागवू लागली, पण तिच्यावर होडी हाकायचं कारण गावाला राहिलं नाही. पाण्याशी रोजचा व्यवहार संपला आणि भीती तेवढी उरली. माझे आप्पा या उरलेल्या भीतीत वाढले.

शीड तोवर दुसरीकडे खेळ झालं होतं. मुंबईत १८४६ मध्ये यॉट क्लब निघाला. त्या काळी असे क्लब युरोपियनांचे असत. कोळीवाड्यातला तांडेल वाऱ्याचा जाणकार, पण शर्यत साहेबाची, असा तो मामला होता. गंमत म्हणजे, एकट्यानं, न थांबता जगाला फेरी मारण्याचा पहिला पराक्रम रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रजानं १९६९ मध्ये पूर्ण केला, तो ज्या 'सुहैली' बोटीतून, ती मुंबईत बांधलेली होती. सागवान आपलं, सुतार आपले, सुकाणूवर हात मात्र दुसऱ्याचा.

ही गोष्ट एका मराठी म्हाताऱ्याच्या मनात सलत राहिली असावी. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात 'कमोर्ता' या युद्धनौकेचे कप्तान, वीरचक्राचे मानकरी. निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णीत राहायला गेले, समुद्रापासून लांब, दुष्काळी मुलखात. तिथे बसून त्यांनी एकच धोशा लावला होता: भारतीय माणसानं, भारतात बांधलेल्या बोटीतून, एकट्यानं शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करायची. स्वतः जाण्याचं वय केव्हाच मागे पडलं होतं. २००६ मध्ये नौदलातले कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी 'म्हादई' बांधली. दोंदे खुद्द नॉक्स-जॉन्स्टनकडे जाऊन शिकले. ऑगस्ट २००९ मध्ये ते मुंबईहून निघाले आणि चार बंदरं घेत मे २०१० मध्ये मुंबईतच परतले. तेव्हा आवटी ८२ वर्षांचे होते. पुढे 'म्हादई'तूनच अभिलाष टॉमी कुठेही न थांबता प्रदक्षिणा करून आले. दांडेकरांनीच बांधलेल्या 'तारिणी'तून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी जग फिरून आल्या. आवटी २०१८ मध्ये गेले, ते हे सगळं पाहून.

दोंदे काही आवटींचे नातू नव्हते. पण आपल्याला जमलं नाही ते पुढच्याला जमावं म्हणून धडपडणं आणि मग त्याचा अभिमान मिरवणं, हे आजोबापणच की.

आता भाचीच्या होडीकडे येऊ. असल्या छोट्या होडीला जगभर 'डिंगी' म्हणतात. हा शब्द इंग्रजीनं आपल्याकडूनच उचललाय. भाची चालवते त्या प्रकाराचं नाव 'ऑप्टिमिस्ट', म्हणजे आशावादी. १९४७ मध्ये अमेरिकेत क्लार्क मिल्स यांनी प्लायवूडमधून स्वस्तात बनवता येईल अशी ही मुलांची होडी आखली. लांबी जेमतेम पावणेआठ फूट, वजन ३५ किलो. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. शर्यतीत पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, आणि शेवटी ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकला. बऱ्याच शर्यती झाल्या तर सगळ्यांत वाईट शर्यत हिशेबातून वगळतात. परीक्षेतही असं हवं होतं! वाऱ्याच्या तोंडावर होडी सरळ जात नाही. डावीकडे-उजवीकडे नागमोडी वळणं घेत पुढे सरकावं लागतं. कधी वळायचं हे चौदा वर्षांच्या पोरीनं एकटीनं ठरवायचं असतं. किनाऱ्यावरून ओरडून काही उपयोग नाही.

या खेळात समुद्रकाठचीच मुलं पुढे असतील असं मला वाटायचं. पण २०२३ च्या आशियाई स्पर्धेत मुलींच्या 'इल्का-४' प्रकारात रौप्यपदक मिळवणारी १७ वर्षांची नेहा ठाकूर मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली, शेतकऱ्याची मुलगी. त्याआधी २०१८ मध्ये कांस्यपदक मिळवणारी हर्षिता तोमर १६ वर्षांची, नर्मदेकाठच्या होशंगाबादची. दोघी शिकल्या भोपाळच्या तलावावर. तिथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. त्यांच्याकडे शिकवणारी शाळा होती आणि घरच्यांनी जाऊ दिलं. आमच्याकडे नदी होती, खाडी होती, आरमाराचा इतिहास होता. शिकवणारं कुणी नव्हतं.

मे महिन्याच्या सुट्टीत भाची खडवलीला आली. रात्री अंगणात बसलो असताना आप्पांनी इतके दिवस मनात ठेवलेला प्रश्न विचारला. "बाळा, होडी उलटली तर गं?"

ती हसली. "आजोबा, पहिल्याच दिवशी उलटवायलाच लावतात." मग तिनं हातवारे करून दाखवलं. लाइफ जॅकेट घालून होडी मुद्दाम उलटी करायची. घाबरायचं नाही, होडी सोडायची नाही. खालून बाहेर आलेली मधली फळी धरायची, तिच्यावर वजन टाकायचं, होडी हळूहळू सरळ होते. आत चढायचं, पाणी उपसायचं, पुढे निघायचं. हे नीट आल्याशिवाय शर्यतीचं नावसुद्धा काढू देत नाहीत.

आप्पा बराच वेळ गप्प होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आम्हाला हे कुणी शिकवलंच नव्हतं गं. म्हणून तुम्हाला नको म्हणत होतो."

जेवणाच्या ताटावर राहिलेलं उत्तर मला असं अंगणात मिळालं. नदीकाठी दर पावसाळ्यात बंदी येते, आणि ती यायलाच हवी. पण बंदीनं माणूस फक्त त्या दिवसापुरता वाचतो.

आप्पांनी आता फोटो बदललाय. भाचीकडून एक व्हिडिओ मागून घेतलाय. त्यात होडी उलटी पडलेली आहे, ती फळीवर उभी आहे, आणि शीड पाणी गाळत वर येतंय. "बघा, बघा, आता सरळ होईल," असं म्हणत ते समोरच्याला शेवटपर्यंत थांबवून ठेवतात. परवा कसारा लोकलची वाट बघणाऱ्या एका अनोळखी माणसाची गाडी त्यापायी चुकली म्हणे.