पान्याला पाणी

मराठीत 'हत्यार' म्हटलं की तलवार आणि पाना दोन्ही आले, पण इतिहासात जागा मिळाली ती तलवारीला. आज जरा पान्याबद्दल. तेही भारीतल्या नव्हे, डिकीत सुतळीने बांधून ठेवलेल्या स्वस्तातल्या पान्याबद्दल.

आमचं बदलापूर गाव त्यासाठी बरं आहे. इथे घोडे बदलायचे म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. (दंतकथाच असावी, पण गावाला आवडते.) पुढे घोड्याची जागा स्कूटरने घेतली. १९७२ साली आलेल्या बजाज चेतकसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत. इतक्या नवसाने आलेली गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची म्हणजे जिवावर येई, शिवाय खर्च. मग रविवारी सकाळी दारात गोणपाट अंथरून घरधनी स्वतःच बसायचा.

त्याच्या हातातले पाने बहुधा उल्हासनगरच्या बाजारातले. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे आणून वसवलेले जवळजवळ १ लाख सिंधी निर्वासित, आणि १९४९ मध्ये मिळालेलं उल्हासनगर हे नाव. बराकींमधून संसार उभे करताना या माणसांनी जे खपेल ते बनवलं आणि विकलं. 'यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद आपण सगळ्यांनी केलेला आहे. पण तो बाजार नसता तर पान्यांचा अख्खा संच आमच्या चाळीत किती जणांना परवडला असता?

पाने मात्र दिसायला चकचकीत आणि आतून मऊ. नट जाम असला की पान्याचं तोंड फाकायचं, नटाचे कोपरे झिजायचे आणि बोटं सोलवटून निघायची.

इथे अंबरनाथ कामी आलं. तिथे आयुध निर्माणी आहे आणि १९५३ पासून मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. (२०२१ मध्ये दोन्ही वेगवेगळ्या सरकारी कंपन्यांकडे गेल्या.) कारखान्यात हयात घालवलेले फिटर-टर्नर एका स्टेशनावर बदलापूरला राहायचे. आमच्या चाळीतले एक काका त्यातलेच. नवा पाना दाखवला की ते आधी त्यावर कानस फिरवायचे. कानस घसरली तर पोलाद. चावली तर 'लोणी आहे' म्हणून परत द्यायचे.

"मग पाणी द्या ना याला," असं कुणीतरी म्हणायचंच. लालभडक तापवून पाण्यात बुडवलं की लोखंड कडक होतं, हे लोहाराच्या भात्याजवळ उभं राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक. पण त्यासाठी लोखंडात पुरेसा कार्बन लागतो. चांगल्या पान्यात तो ०.४ टक्क्याच्या आसपास असतो, साध्या लोखंडात त्याच्या निम्माही नसतो. नसलेल्या कार्बनला पाणी कुठून चढणार! काकांचा उपाय जुना होता. पान्यावरचा मुलामा घासून काढायचा, पाना कोळशाच्या भुकटीत पुरून डबा मातीने लिंपायचा आणि भट्टीत सुमारे ९०० अंशांवर काही तास ठेवायचा. कोळशातला कार्बन कातडीत शिरतो, तोही जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर. मग पाणी द्यायचं. कातडी कडक, गाभा चिवट. असा पाना वाकला तरी तुटत नाही.

दुसरं दुखणं इंचाचं. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६चा. चेतक मिलिमीटरची, पण जुन्या जीप आणि बुलेट इंचाच्या. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३चा पाना लावला तर ०.३ मिलिमीटर सैल. तेवढ्यात नट गोल होतो. त्या फटीत पत्र्याची पट्टी सारणं ही युक्ती कुणी कुणाला शिकवली कोण जाणे, पण सगळ्यांना येत होती.

या सगळ्याची परीक्षा झाली २६ जुलै २००५ नंतर. उल्हास नदी गावात शिरली आणि कित्येक स्कूटरी हँडलपर्यंत बुडाल्या. पाणी गेलेलं इंजिन तसंच सुरू करायचं नसतं. आधी प्लग काढून, किक मारून पाणी बाहेर काढायचं. गॅरेजांपुढे रांगा. आमच्या शेजारच्या दूधवाल्याची रोजी त्या स्कूटरवर, आणि प्लग चिखलाने जाम. गाडीसोबतचा नळीचा प्लग-पाना पहिल्याच जोरात उसवला. काकांनी दुसरी तशीच नळी घेतली आणि तिच्या तोंडावर लोखंडी कडं तापवून चढवलं, बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात तसं. कडं थंड होताना आवळलं, प्लग निघाला. त्या आठवड्यात तो एक प्लग-पाना गल्लीभर फिरला.

आता घरपोच येणाऱ्या स्वस्त संचांवरही 'क्रोम व्हॅनेडियम' असा ठसा असतो. मी तरी कानस फिरवूनच बघतो. दांड्याच्या टोकाला मात्र, तोंडाला नाही. तिथला मुलामा गेला की बदलापूरच्या पावसात पहिल्याच महिन्यात गंज धरतो.