डॅनिश खुर्ची आणि तिचा सांधा

विसाव्या शतकाच्या मध्यास डेन्मार्कमध्ये घडलेल्या हातांच्या खुर्च्यांना ‘आधुनिक’ हे विशेषण सरसकट लावले जाते. ते अर्धसत्य होय. कोपनहेगनच्या शाही कला अकादमीत इ. स. १९२४ पासून फर्निचरविद्या शिकविणाऱ्या कारे क्लिंट यांनी विद्यार्थ्यांना जुन्या खुर्च्यांची मोजमापे घेण्याची शिस्त लावली. हान्स वेग्नर यांची १९४४ची ‘चिनी खुर्ची’ही मिंगकालीन नमुन्यावरच बेतलेली आहे.

तिच्याच वंशातील १९४९ची ‘गोल खुर्ची’ विशेष विचारार्ह वाटते. तिची पाठ व हात मिळून एकच वळणदार लाकूड भासते; वस्तुतः ते तुकडे सांधून केलेले असते. प्रारंभी वेग्नर यांनी पाठीवर वेत गुंडाळून हे सांधे झाकले. लवकरच वेत गेला आणि दातेरी सांधा उघडा राहिला. जे उणे म्हणून लपविले, तेच भूषण ठरले! अर्थात, हे धाडस योहानेस हान्सेन यांच्या कारखान्यातील कारागिरांच्या हातांवर विसंबून होते. संकल्पकाच्या कीर्तीत त्यांचा वाटा क्वचितच मोजला जातो.

१९६० मध्ये केनेडी व निक्सन यांच्या दूरचित्रवाणीवरील वादसभेत हीच खुर्ची होती. अमेरिकेत तिला नुसते ‘खुर्ची’ म्हणू लागले. मूळ डॅनिश नाव मात्र ‘गोल खुर्ची’ एवढेच आहे.