एटीमेगा३२८पी मायक्रोकंट्रोलरमधील क्लॉक स्रोत

एटीमेगा३२८पी हा ॲटमेल कंपनीने विकसित केलेला ८ बिटांचा मायक्रोकंट्रोलर आहे (२०१६ मध्ये ही कंपनी मायक्रोचिपने विकत घेतली). आर्डुइनो उनो या फलकामुळे तो विद्यार्थ्यांच्या विशेष परिचयाचा झाला. त्याचे सर्व अंतर्गत कार्य क्लॉक संकेताच्या ठोक्यांवर चालते. हा संकेत कोठून घ्यायचा, हे मात्र प्रोग्रॅममध्ये लिहिलेले नसून फ्यूज बिटांमध्ये नोंदवलेले असते. प्रोग्रॅमची पहिली सूचना अमलात येण्यापूर्वीच ही बिटे प्रभावी होतात आणि चालू प्रोग्रॅमला ती बदलता येत नाहीत. एसटीएम३२ कुळातील मायक्रोकंट्रोलरमध्ये हीच निवड प्रोग्रॅममधून, रजिस्टरांद्वारे करता येते.

स्रोतांचे प्रकार

कारखान्यातून येणारी चिप ८ मेगाहर्ट्झच्या अंतर्गत आरसी दोलकावर चालते; परंतु सीकेडीआयव्ही८ हा फ्यूज आधीच लावलेला असल्याने प्रत्यक्ष वेग १ मेगाहर्ट्झ मिळतो. या दोलकाला बाहेरचा कोणताही घटक लागत नाही. त्याची कारखान्यातील अचूकता मात्र ±१० टक्क्यांपर्यंतच असते. ऑसकॅल रजिस्टरद्वारे ती सुधारता येते.

अचूक वेळ हवी असल्यास क्वार्ट्झ स्फटिक जोडतात. त्याची दोन टोके एक्सटीएएल१ आणि एक्सटीएएल२ या पिनांना जोडून प्रत्येक टोकापासून भूमीकडे साधारण १२ ते २२ पिकोफॅरडचे धारित्र लावले जाते. याखेरीज १२८ किलोहर्ट्झचा अंतर्गत दोलक, घड्याळांत वापरला जाणारा ३२.७६८ किलोहर्ट्झचा स्फटिक आणि थेट बाह्य संकेत हेही पर्याय आहेत.

स्फटिकाची निवड केवळ वेगावरून करणे योग्य नाही. १४.७४५६ मेगाहर्ट्झ हा आकडा विचित्र वाटतो. पण त्याला १२८ ने भागल्यास नेमके १,१५,२०० येतात आणि सिरियल संप्रेषणाचा तेवढा वेग त्रुटीविना मिळतो. १६ मेगाहर्ट्झवर त्याच वेगासाठी किमान २.१ टक्के त्रुटी राहते. वेगाला विद्युतदाबाचीही मर्यादा आहे: २० मेगाहर्ट्झसाठी किमान ४.५ व्होल्ट लागतात, तर १.८ व्होल्टवर ४ मेगाहर्ट्झच्या पुढे जाता येत नाही.

चुकीची निवड

फ्यूजच्या नोंदीत ० म्हणजे ‘लावलेला’ आणि १ म्हणजे ‘न लावलेला’. नवशिक्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो. स्फटिक न जोडताच तो स्रोत म्हणून निवडल्यास क्लॉक सुरूच होत नाही. सिरियल पद्धतीने फ्यूज पुन्हा लिहिण्यासाठीही चिपला क्लॉक लागत असल्याने ती निकामी झाल्यासारखी भासते. वास्तविक ती शाबूत असते. एक्सटीएएल१ पिनला (२८ पिनांच्या डीआयपी आवरणात पिन ९) दुसऱ्या फलकावरून चौकोनी तरंग पुरवल्यास फ्यूज सहसा पूर्ववत करता येतात. १२८ किलोहर्ट्झचा दोलक निवडला असेल, तर प्रोग्रॅमरचा वेग चिपच्या क्लॉकच्या एक-चतुर्थांशापेक्षा, म्हणजे ३२ किलोहर्ट्झपेक्षा, कमी ठेवावा लागतो. हेही उपाय न चालल्यास रिसेट पिनवर १२ व्होल्ट देणारी समांतर प्रोग्रॅमिंग पद्धत वापरतात. तिच्यात आवश्यक क्लॉक प्रोग्रॅमरच पुरवतो.