वर्धा-खोऱ्यातील कोळसा व वणी भागातील गावांविषयीचे खाणचालकांचे दायित्व

वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासाचा विचार करताना अभ्यासकाची दृष्टी साहजिकच कापसावर स्थिरावते. अमरावतीची बाजारपेठ, अकोल्याचे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि या दोन्ही जिल्ह्यांतून जाऊन १८६७ मध्ये नागपुरास पोचलेला लोहमार्ग यांचे वर्णन अनेकदा झालेले आहे. परंतु या लोहमार्गास जे इंधन हवे होते त्याचा शोध याच सुमारास वर्धा नदीच्या खोऱ्यात सुरू झाला. अमरावती व अकोला यांच्या भूमीवर लाव्ह्याचे जाड थर पसरलेले असल्याने कोळसा तेथे हाती लागत नाही. वऱ्हाडच्या आग्नेय टोकास, वणी तालुक्यात मात्र हे आवरण संपू लागते आणि काळ्या मातीखाली कोळशाचे थर सापडतात. या कोळशाच्या निमित्ताने खाणचालक व गावकरी यांच्यामध्ये दायित्वाचा संबंध कसकसा घडत गेला, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

वर्धेच्या पूर्व तीरावर, त्या काळच्या चांदा जिल्ह्यात, वरोरा येथे सरकारी खाण १८७१ मध्ये सुरू झाली व तिच्यासाठी वर्ध्याहून स्वतंत्र लोहमार्ग नेण्यात आला. भूगर्भशास्त्रज्ञ थिओडोर ह्यूज यांचा या कोळसाक्षेत्रावरील विस्तृत अहवाल १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद पडली. खाण हा काही दशकांचा व्यवहार असतो आणि गाव मात्र तेथेच राहते, ही गोष्ट या भागाने तेव्हाच पाहिली.

नदीच्या दोन तीरांवरील जमीनव्यवस्था भिन्न होती. पूर्वेस मालगुजारी, तर पश्चिमेस रयतवारी. निजामाने १८५३ च्या तहान्वये इंग्रजांकडे सोपविलेल्या वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन प्रत्येक शेताचा सारा ठरविण्यात आला. शेतकऱ्याचा हक्क त्यामुळे अधिक स्पष्ट झाला. पण तो जमिनीच्या पृष्ठभागापुरताच होता. भूगर्भातील खनिज सरकारचे, ही मर्यादा त्या हक्कास प्रारंभापासूनच होती. पुढील काळात दायित्वाचा जो अर्थ लावला गेला, त्याचे मूळ या विभागणीत आहे. वरचा थर शेतकऱ्याचा व खालचा सरकारचा मानला, म्हणजे वरच्या थराची किंमत चुकती करताच व्यवहार पूर्ण झाला असे समजणे सोपे जाते.

प्रथम जे कायदे झाले त्यांचा रोख दोनच गोष्टींवर होता. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने मालकास मोबदला दिला. १९०१, १९२३ व १९५२ च्या खाण-कायद्यांनी खाणीतील मजुराच्या सुरक्षिततेकडे लक्ष पुरविले. खाणीबाहेरचे गाव, त्याच्या विहिरी, गायरान व नाले यांचा विचार त्यांत जवळजवळ नव्हता. १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने संपादनाची वाट अधिक निर्वेध केली. त्यान्वये जमीन केंद्र सरकारकडे पूर्णांशाने निहित होते व तेथून ती सरकारी कंपनीकडे जाऊ शकते. काम संपल्यावर ती मूळ धारकास परत देण्याची तरतूद त्यात नाही.

१९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी नागपूर येथे स्थापन झाली. पुढे निलजई, उकणी, मुंगोली यांसारख्या गावांच्या शिवारात उघड्या खाणींचा विस्तार झाला. भूमिगत खाणीत वरचे शेत निदान काही अंशी टिकते. उघड्या खाणीत शेतच प्रथम उचलले जाते, आणि माती-दगडाचे उंच ढिगारे शिवारात उभे राहतात. जमीन गमावणाऱ्यास नोकरी देण्याची पद्धत या काळात रूढ झाली. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन-धोरणात साधारणतः दोन एकरांमागे एक नोकरी असे प्रमाण आहे. या मापात शेतमजूर, गुराखी किंवा जमीन नावावर नसलेले कोलाम कुटुंब कोठे बसते, हा प्रश्न उरतोच. कारण नोकरी सातबाऱ्याशी जोडलेली आहे.

एकविसाव्या शतकात दायित्वाची कल्पना व्यापक झाली, हे मान्य करावयास हवे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे भाग पाडले. २०१५ मध्ये खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. जुन्या पट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या ३० टक्के व लिलावाने दिलेल्या पट्ट्यांवर १० टक्के इतका निधी त्यांच्याकडे जमा होतो. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण व प्रदूषण-नियंत्रण यांना त्यात अग्रक्रम आहे. येथे प्रथमच लाभार्थी हा केवळ जमीनमालक न राहता बाधित रहिवासी झाला.

तथापि निधी व जमीन या दोन भिन्न वस्तू आहेत. २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उघड्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख रुपये या दराने खाण बंद करण्याचा खर्च स्वतंत्र खात्यात ठेवणे आवश्यक केले. या तरतुदीचे मोल मोठे आहे. कारण वरोऱ्याच्या काळी अशी कल्पनाही नव्हती. परंतु सुधारलेली जमीन कोणाची, यावर तिचे मौन आहे. २०२२ च्या केंद्रीय धोरणाने खणून झालेल्या जमिनीची मालकी सरकारी कंपनीकडेच ठेवून ती कोळसा, ऊर्जा व तत्सम कामांसाठी, तसेच पुनर्वसनासाठी भाडेपट्ट्याने देण्याची मोकळीक दिली. शेती तिच्या मूळ कसणाऱ्याकडे परत जाण्याचा मार्ग त्यातही नाही.

हा प्रश्न वणीपुरता मर्यादित नाही. अकोला जिल्ह्यातील पारस व अमरावतीजवळील नांदगावपेठ येथील औष्णिक केंद्रे कोळशावरच चालतात. नांदगावपेठेच्या प्रकल्पास ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी देण्यावरून सिंचनाच्या हक्काचा वाद उठला. कोळसा, पाणी व राख यांच्या साखळीत वऱ्हाडचे हे भाग अशा प्रकारे गुंफले गेले आहेत.

दीडशे वर्षांच्या या इतिहासावरून असे दिसते की, दायित्वाचे वर्तुळ मालकापासून मजुरापर्यंत व तेथून रहिवाशापर्यंत विस्तारले. परंतु त्याचे माप सदैव रुपयाचेच राहिले. संपादित जमिनीपैकी किती खणली, किती भरली, किती लागवडीयोग्य झाली व ती कोणाच्या ताब्यात आहे, याची गटवार नोंद गावाच्या चावडीवर उपलब्ध असेल, तर दायित्वाचे खरे परीक्षण शक्य होईल. ज्या वऱ्हाडात शेतन्‌शेत मोजून सारा ठरविण्यात आला, तेथे खणलेल्या शेताचीही तितक्याच काटेकोरपणे मोजणी होणे अशक्य नाही.